काकूंची बोडी: काळ्या जमिनीतल्या एका तळ्याचं प्रकरण

मे २०२३ च्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला तेव्हा तळं बांधून पाच महिने झाले होते आणि त्याला दोनदा प्लास्टर करून झालं होतं. "रोज दोन इंच पाणी उतरून राहिलं गं. पाइप धरून धरून हात दुखून राहिले माझे," त्या म्हणाल्या. मी नागपुरात घरगुती बागांची कामं करते. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथल्या बागेत तळं करणारे बहुतेक जण याच वाटेने जातात, आणि ती वाट चुकते कुठे ते इथे नीट मोजून सापडलं.

घर बेसा रस्त्याकडच्या एका लेआउटमध्ये. मागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा, पूर्वेला हिरवळ, पश्चिमेला कंपाउंडची भिंत, कोपऱ्यात केळी. काकूंचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. तिथे धानाच्या बांध्यांना पाणी देणारी लहान तळी असतात, त्यांना बोडी म्हणतात. मोठे ते मालगुजारीच्या काळातले तलाव, ज्यांना आता सरकारी कागदावर 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. लहान ती बोडी. काकूंच्या वडिलांच्या शेतात एक होती, तिच्यात कमळ होतं. त्यांना हवं होतं ते तेच. कारंजं नको, सिमेंटची बदकं नकोत, रंगीत दिवे नकोत. कमळ यावं आणि पावसाळ्यात बेडूक ओरडावा, एवढंच. मागणी इतकी स्पष्ट असली की काम सोपं जातं.

आधीच्या मिस्त्रीने डिसेंबरात आठ बाय पाच फुटांचं, अडीच फूट खोल टाकं बांधलं होतं. साडेचार इंची विटांची भिंत, खाली काँक्रीट, आतून प्लास्टर. फेब्रुवारीत पाणी भरलं, मार्च बरा गेला, एप्रिलच्या मध्यापासून पाणी उतरू लागलं. मिस्त्रीने टाकं रिकामं करून वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेलं प्लास्टर केलं. आठ दिवस टिकलं. पुन्हा केलं. काकांचं मत झालं होतं की मिस्त्रीने सिमेंट कमी घातलं. मिस्त्रीचं म्हणणं, उन्हाने पाणी उडतंय, त्याला तो काय करणार. दोघांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असू शकलं असतं. म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

बादली आणि नीळ

टाकं काठोकाठ भरलं. आत विटांचा थर रचून त्यावर एक पांढरी प्लास्टिकची बादली ठेवली. तळाशी दगड, म्हणजे ती हलणार नाही. बादलीत तळ्याचंच पाणी तळ्याच्याच पातळीपर्यंत भरलं आणि आत-बाहेर पेन्सिलने खूण केली. बादलीला छिद्र नाही, म्हणजे तिच्यातून जे पाणी जाईल ते फक्त उन्हावाऱ्याने. तळ्यातून जाईल ते उन्हावाऱ्याने अधिक गळतीने. दोन्हीकडे ऊन, वारा आणि पाण्याचं तापमान जवळपास सारखंच, त्यामुळे फरक उरतो तो गळतीचा. ही चाचणी फुकट आहे, चोवीस तासांत होते, आणि माझ्या मते ती झाल्याशिवाय कोणीही प्लास्टरला हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बादली १.२ सेंमी उतरली होती. तळं ५ सेंमी. तळ्याचं पृष्ठफळ ३.७ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला साधारण ४५ लिटर पाणी हवेत जात होतं आणि १४० लिटर जमिनीत. नागपूरच्या मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडणं अगदी स्वाभाविक आहे, त्याची तक्रार कोणाकडे करता येत नाही. पण तिप्पट पाणी दुसरीकडे जात होतं.

कुठे, ते शोधायला आम्ही भरणं थांबवलं. हा काकूंच्या संयमाचा भाग होता, कारण त्यांच्या दोन कुमुदिनी टबात हलवाव्या लागल्या आणि तळं रोज खाली जाताना बघावं लागलं. गळकं टाकं भेगेच्या पातळीपर्यंत भरभर उतरतं आणि मग रेंगाळतं. नवव्या दिवशी तळं आणि बादली एकाच वेगाने उतरू लागली. पाणी काठापासून अकरा इंच खाली होतं. पश्चिमेच्या भिंतीवर त्या रेषेच्या जरा वर केसाएवढी भेग होती, दोन प्लास्टरांच्या आरपार, आडवी, जवळपास चार फूट लांब.

खात्री करायला पाणी पुन्हा बोटभर चढवलं आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये कपड्यांची नीळ कालवून भेगेजवळ एक थेंब सोडला. निळा थेंब क्षणभर तिथेच तरंगला, मग त्याचा एक धागा निघाला आणि सरळ भिंतीत शिरला. काका गुडघ्यावर बसून बघत होते. "हे तर दिसून राहिलं की," ते म्हणाले. दोन फूट बाजूला सोडलेला थेंब तसाच पसरून विरला. त्या दुपारी सिमेंटचा विषय संपला.

दोष जमिनीचा

खरं उत्तर मात्र भिंतीच्या बाहेर होतं. पश्चिमेच्या बाजूला माती आणि टाक्याच्या भिंतीमध्ये बोट आत जाईल एवढी फट पडली होती. मी त्यात सळई घातली, ती फूटभर सहज खाली गेली. पूर्वेला फट अजिबात नव्हती.

नागपूर दख्खनच्या लाव्हा पठाराच्या पूर्व टोकावर आहे. शहराच्या पश्चिमेला खाली बेसॉल्ट आणि वर त्याची झिजून झालेली काळी माती. पूर्वेकडे जाल तसे खडक बदलतात. या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात बैलाचा पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. काकूंच्या बागेत पूर्वेची माती हिरवळीच्या पाण्यामुळे वर्षभर ओली, म्हणजे फुगलेली. पश्चिमेची माती कंपाउंडच्या तापलेल्या भिंतीजवळ, कोरडी, आकसलेली. एका बाजूने जमीन टाक्याला रेटत होती, दुसऱ्या बाजूने तिने आधार काढून घेतला होता. आत अडीच फूट पाण्याचा दाब. साडेचार इंची भिंत तिथे फुटणारच. दीड पट सिमेंट घातलं असतं तरी फुटली असती, कदाचित एक उन्हाळा उशिरा. म्हणून तिसरं प्लास्टर व्यर्थ ठरलं असतं. पावसाळ्यात माती पुन्हा फुगून भेग मिटली असती, सगळ्यांना वाटलं असतं की दुरुस्ती लागू पडली, आणि पुढच्या एप्रिलात तेच.

यावेळी काम करायला आलेला मिस्त्री जुना जाणता होता. फट बघून तो एवढंच म्हणाला, "टाकी नाही फुटली ताई, जमीन सुटली."

बहुतेक घरांना मी अशा वेळी सिमेंटची नांद घ्यायला सांगते. जनावरांना पाणी पाजायची मोठी नांद जमिनीवर ठेवायची, तिच्यात कमळ उत्तम येतं, जमीन फुगो की आकसो तिला काही होत नाही, आणि जागा आवडली नाही तर हलवता येते. लहान बागेला ती पुरते असं माझं ठाम मत आहे. पण नांदेत बेडूक वस्तीला येत नाही, आणि मेमध्ये तिचं पाणी दुपारी हात घालवणार नाही इतकं तापतं. काकूंना बोडी हवी होती. म्हणून जमिनीबरोबर हलणारं तळं करायचं ठरलं.

मुरूम आणि शेततळ्याचा कागद

विटांच्या भिंती पाडल्या. खड्डा चारही बाजूंनी आणि खाली एक-एक फूट वाढवून काळी माती काढली आणि त्या जागी लाल, थोडा चिकट मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकला. काळ्या मातीतल्या कालव्यांना हाच उपाय करतात: फुगणारी माती आणि बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर. आयआयटी मुंबईतले प्रा. आर. के. कट्टी यांनी त्यावर आयुष्यभर काम केलं. कालव्याला तो थर पुष्कळ जाड लागतो. आमच्या जागेत एक फुटापेक्षा जास्त बसत नव्हता. चिकट मुरूम महत्त्वाचा. नुसता खडेदार, सुटा मुरूम पाणी धरून ठेवतो. त्याचा फटका मला पुढे बसला, तो सांगतेच.

कडा उभ्या न ठेवता उतरत्या केल्या, एका बाजूला नऊ इंच खोलीवर पायरी ठेवली, मध्यभागी अडीच फूट. वरून चाळलेली रेती, तिच्यावर जुन्या फ्लेक्सचे दोन थर, आणि त्यावर शेततळ्याला अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा एचडीपीईचा, म्हणजे टिकाऊ प्लास्टिकचा, कागद. महाराष्ट्रात शेततळ्यांच्या अस्तरीकरणासाठी तो सर्रास वापरतात, त्यामुळे तो मिळतो, जोडणारे कारागीर मिळतात, आणि उन्हात टिकण्याच्या दृष्टीने तो बनवलेला असतो. साधी निळी ताडपत्री लावू नका, दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा होतो. माप काढायचं ते असं: लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि दोन्ही काठांना एक-एक फूट. आठ फुटांना पाच आणि दोन, म्हणजे पंधरा. पाच फुटांना पाच आणि दोन, म्हणजे बारा. पंधरा बाय बाराचा एकसंध तुकडा आणला, जोड ठेवला नाही. हा कागद जरा ताठ असतो, वेड्यावाकड्या आकारात नीट बसत नाही, म्हणून तळं साधं लांबट गोल केलं.

काठाचं काम मात्र मी स्वतः उभं राहून करून घेतलं. कागद काठावर आणून मातीत गाडला की वरची माती आणि हिरवळ तळ्याला चिकटते, आणि दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढत राहते. कागदाला कुठेही छिद्र नसताना तळं रोज उतरतं आणि माणूस वर्षभर छिद्र शोधतो. म्हणून कागदाचं टोक काठाच्या दगडांमागे उभं ठेवलं, पाण्याच्या पातळीपेक्षा तीन इंच वर. त्याच्या बाहेरच्या अंगाला माती, आतल्या अंगाला दगड. एका ठिकाणी टोक खाली घेऊन दोन इंची पाइपचा सांडवा काढला, तो केळीच्या आळ्यात सोडला.

नातू पुण्याहून सुट्टीत येतो, तेव्हा तीन वर्षांचा होता. एवढ्या वयाच्या मुलाला फूटभर पाणीही पुरतं, त्यामुळे यावर मी चर्चा करत नाही. तीन इंची चौकटींची लोखंडी जाळी रंगवून पाण्याखाली दोन इंचांवर बसवली. कमळाची पानं सुरळी होऊन वर येतात, त्या चौकटीतून सहज निघतात. जाळी असली तरी मूल बागेत असताना मोठं माणूस बागेत हवं, हे काकूंनी स्वतःच घरात सगळ्यांना बजावलं.

शेजार

काम चालू असताना शेजारचे गृहस्थ भिंतीवरून बोलले. त्यांच्या नातीला आदल्या वर्षी डेंग्यू झाला होता, प्लेटलेट उतरल्या होत्या, चार दिवस दवाखान्यात होती. "पाणी साचवू नका" असं सगळीकडे सांगतात आणि हे तळं खोदतायत, हा त्यांचा राग अगदी रास्त होता. काकांनी उडवून लावलं असतं, पण काकूंनी त्यांना चहाला बोलावलं.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या, लहान पाण्यात अंडी घालतो, तीही पाण्याच्या जरा वर ओलसर भिंतीवर. वाळलेली अंडी महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. उकाड्यात अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. मासे असलेल्या तळ्यात अळी तेवढे दिवस जगत नाही. महापालिकेचा हिवताप विभाग गप्पी मासे देतो ते याचसाठी. आम्ही तीसेक सोडले. मग मी, काकू आणि ते गृहस्थ टॉर्च आणि पांढरा वाडगा घेऊन दोन्ही घरं फिरलो. तळ्यात एकही अळी नव्हती. काकूंच्या तुळशीखालच्या थाळीत होत्या. गच्चीवर ठेवलेल्या, मागच्या उन्हाळ्यापासून न पुसलेल्या कुलरच्या टाकीत तर वाडगाभर वळवळत होत्या. नागपुरात घरटी एक तरी कुलर, काही घरांत तीन. खरा धोका तिथे. काकू आता दर शनिवारी कुलर कोरडा करून आतून घासतात आणि तळ्यात वाडगा बुडवून बघतात. शेजारच्यांनाही बोलावतात. गप्पी नाल्यात किंवा तलावात सोडू नयेत, जास्त झाले तर दुसऱ्याच्या नांदेत द्यावेत, हेही त्यांना सांगून ठेवलं आहे.

कमळ

ज्या मातीने टाकं फोडलं, कमळाला तीच लागते. खड्ड्यातून निघालेली काळी माती आम्ही फेकली नव्हती. दीड फूट रुंद टबात ती भरली, शेणखत अजिबात घातलं नाही, वर बारीक गोट्यांचा थर दिला. कंद काकूंचे भाऊ एसटीने घेऊन आले, ओल्या गोणपाटात गुंडाळून, गावाकडच्या बोडीतून. कंदाच्या टोकाला पिवळसर, टोकदार कोंब असतो, तो मोडला की कंद बहुधा वाया जातो. काकूंनी गोणपाट मांडीवर सोडला, एकेक पदर उलगडला आणि कोंब शाबूत दिसल्यावर कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आण तो टब."

टब आधी पायरीवर, पान पाण्यावर आल्यावर मध्यभागी. जूनमध्ये लावलं, ही खरं तर उशिरा झालेली लावणी. फेब्रुवारी अधिक चांगला.

पहिला महिना तळं हिरवंगार झालं. काका पाणी बदला म्हणत होते. नवीन पाण्यात शेवाळासाठी नवं अन्न असतं, बदललं की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही थांबलो. कमळ आणि कुमुदिनीच्या पानांनी अर्ध्याहून जास्त पाणी झाकलं आणि पाणी आपोआप निवळलं.

सप्टेंबरची रात्र

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, माणसं गेली. त्या दिवसापुढे काकूंच्या तळ्याचं काय झालं हे फार लहान आहे, पण प्रकरण पूर्ण सांगायचं तर सांगायला हवं. सांडव्याने काम चोख केलं. सकाळी मात्र तळ्याच्या तळातला कागद म्हशीच्या पाठीसारखा वर आला होता आणि कमळाचा टब कलंडला होता.

चूक माझी होती. भोवतालची काळी माती पाणी मुरू देत नाही. तिच्यात मी मुरमाची फूटभर जाडीची वाटी करून ठेवली होती आणि एका बाजूला घाईत सुटा मुरूम पडला होता. पावसाचं पाणी त्या वाटीत शिरलं आणि त्याला जायला वाट नव्हती. कागदाच्या आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं की कागद दाबून धरणारं काही उरत नाही, आणि एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं असतं. अडकलेल्या हवेने उरलेलं काम केलं.

तळ्याला लागून साडेतीन फूट खोल खड्डा घेतला, त्यात भोकं पाडलेला सहा इंची पाइप उभा केला, भोवती गिट्टी आणि शेडनेट. मोठा पाऊस झाला की काका पाइपात काठी बुडवून बघतात, ओली निघाली तर कुलरचा पंप सोडून पाणी काढतात. पंप ज्या बोर्डावर आहे तिथे गळती झाली की प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घेतला. पाण्याजवळ वीज नेणाऱ्याने तो पैसा वाचवू नये. काळ्या जमिनीत हा पाइप पहिल्या दिवशीच टाकायला हवा होता, आता मी तो प्रत्येक कामात टाकते.

एप्रिल आणि नवतपा

माझ्या मनात खऱ्या परीक्षेचा होता तो पुढचा उन्हाळा. एप्रिलपासून पश्चिमेला उभी हिरवी जाळी लावली, डोक्यावर नाही, कारण कमळाला पाच-सहा तास ऊन हवंच. पश्चिमेचं ऊन आणि गरम वारा अडला की पाणी कमी उडतं. त्याच कारणाने कारंजं लावलं नाही. कोरड्या वाऱ्यात उडणारे थेंब म्हणजे नुसतं पाणी वाया घालवणं, आणि कुमुदिनीला अंगावर पडणारं पाणी सोसत नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढू लागले तर तेवढ्या वेळापुरता पंप चालवायचा, असं ठरवलं होतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तीन पहाटे चालवावा लागला.

काकू कॅलेंडरवर रोज उतार लिहीत होत्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात ११ मिलिमीटर, १२, १२, १०. बादली शेजारीच होती, तिचाही तोच आकडा. भर घालायला त्या नळाचं पाणी एका ड्रममध्ये दोन दिवस ठेवून वापरतात. बोअरचं पाणी जड आहे, नुसतं तेच भरलं तर पाणी उडून क्षार मागे राहतात आणि दगडांवर पांढरी रेघ उमटते. ती थोडी उमटलीच आहे. पावसाळ्यात सांडव्यातून वाहून जाईल तेवढी जाते.

पहिलं फूल जूनच्या सुरुवातीला आलं. बेडूक त्याआधीच आले होते, पहिल्या सरीच्या रात्री, आणि काकांची झोप उडाली. दुपारी काठाच्या ओल्या दगडावर मधमाश्या ओळीने बसून पाणी पितात. एकदा खंड्या दोन गप्पी घेऊन गेला.

या एप्रिलात पश्चिमेच्या काठामागे माती पुन्हा सुटली. काकूंनी फोटो पाठवला, फटीत त्यांचं बोट दिसेल असा. कागद जागच्या जागी होता, दगड एक-दोन हलले होते. मिस्त्रीने जाऊन दोन घमेली चिकट मुरूम फटीत ठोकून भरला आणि दगड परत बसवले. बादलीचा आणि तळ्याचा आकडा दुसऱ्या दिवशी सारखाच होता.